टायबरच्या खोऱ्यातील मोंतोने

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून आलेल्या मंडळींची प्रवासवर्णने आपल्या मासिकांतून पुष्कळ येऊन गेली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाही. ज्या गावाविषयी येथे लिहावयाचे आहे ते यात्रा कंपन्यांच्या पत्रकांत सहसा सापडत नाही. त्याची वस्ती दोन हजारांच्याही आत आहे. निपाणी-चिकोडीकडच्या मध्यम खेड्यातही याहून अधिक माणसे असतील. गावाचे नाव मोंतोने. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ एडका असा होतो. इटलीच्या मध्यभागी, ज्याला कोठेच समुद्र लागत नाही अशा उंब्रिया प्रांतात, पेरुजा शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर एका टेकडीच्या माथ्यावर ते वसले आहे.

आमचा पुतण्या पेरुजा येथे शिकावयास आहे. २०२४ च्या मे महिन्यात शाळेला सुटी लागताच आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. पेरुजा पाहिले, असिसी पाहिले. एके दिवशी आम्हीच त्याला म्हणालो, "आता आम्हांला मोंतोनेला ने." त्याने ते नाव ऐकलेले नव्हते. वर्षभर तेथे राहून त्याला जे ठाऊक नव्हते ते बेळगावकडच्या एका मास्तराला कसे ठाऊक, याचे त्याला मोठे नवल वाटले. बेळगावातच या गावाचा धागा आहे; पण ते ओघाने येईल.

वाट सारी टायबरच्या खोऱ्यातून आहे. इटालियन लोक या नदीला तेव्हेरे म्हणतात. रोममध्ये पुलांखालून वाहणारी गढूळ, भारदस्त टायबर आपण चित्रांतून पाहिलेली असते. येथे वरच्या अंगाला तीच नदी आपल्या वेदगंगेसारखी घरगुती वाटते. काठावर वाळुंजाची आणि पॉप्लरची झाडे, पलीकडे गव्हाची हिरवी शेते आणि बांधाबांधांवर तांबड्या खसखशीची फुले. चारशे पाच किलोमीटर वाहून ही नदी समुद्राला मिळते. आम्ही पाहिला तो तिचा बालपणाचा भाग. मध्येच एका शेतात नुकतीच लावलेली रोपे सरळ ओळींत उभी दिसली. आमच्या सौ. निपाणीच्या. त्यांनी गाडीतूनच ओळखले, "अहो, ही तंबाखू!" ती तंबाखूच होती. टायबरचे हे वरचे खोरे तंबाखूसाठी इटलीत प्रसिद्ध आहे, आणि त्यामागची हकीकत मोठी गमतीची आहे. इ. स. १४४० च्या सुमारास पोप चौथा युजीन याने सानसेपोल्क्रो हे गाव फ्लॉरेन्सला दिले. करारात सीमा म्हणून एका ओढ्याचा उल्लेख होता. त्या नावाचे ओढे दोन निघाले! पोपने एक ओढा धरला, फ्लॉरेन्सने दुसरा, आणि मधल्या कोस्पाया नावाच्या चिमुकल्या पट्टीवर कोणाचीच सत्ता उरली नाही. तेथील शेतकऱ्यांनी आपण स्वतंत्र असल्याचे जाहीर केले आणि १८२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षे, ते खरोखरच स्वतंत्र राहिले. पुढे शेजारच्या राज्यांत तंबाखूवर निर्बंध आले तेव्हा यांनी ती निर्धास्तपणे पिकवली. तलाठ्याच्या एका चुकीवर पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदलेली अशी प्रजा आम्हांस तरी इतिहासात दुसरी आढळली नाही.

मोठा रस्ता सोडून गाडी चढणीला लागली की ऑलिव्हची झाडे सुरू होतात आणि मग एका वळणावर गाव दिसते. मराठी माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "किल्ला!" समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीच्या टेकडीवर तटाने आवळून बांधलेली घरांची जुडी, वर एखाददुसरा मनोरा आणि खाली दोन नद्यांचे खोरे: एक टायबर आणि दुसरी तिला मिळणारी कार्पिना. जागा हेरणाऱ्याची नजर लढवय्याची होती, हे सांगावे लागत नाही. गाड्या तटाबाहेर ठेवाव्या लागतात. वेशीतून आत शिरले की दगडी फरशीच्या अरुंद वाटा, त्यांतून फुटणाऱ्या पायऱ्या, दोन घरांना वरच्या वर जोडणाऱ्या कमानी आणि खिडक्याखिडक्यांतून टांगलेल्या फुलांच्या कुंड्या. गावाचे तीन भाग आहेत. आपण पेठा म्हणू या. बोर्गो व्हेक्कियो म्हणजे जुनी वस्ती, पोर्ता देल व्हेर्झिएरे आणि पोर्ता देल मोंते. आपल्याकडे जुन्या गावांतून वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यात जशी चुरस असते, तशी या तीन पेठांत पिढीजात चुरस आहे. ती कशी आणि केव्हा उफाळते ते पुढे सांगू.

सकाळचे दहा वाजले होते. एका म्हाताऱ्या बाई दारापुढचा दगड पाण्याने धुऊन काढीत होत्या. सौ.चे गुडघे पायऱ्यांपुढे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी न विचारताच आतून खुर्ची आणून दिली. भाषेची अडचण होती, पण दोघींचे हातवारे करून गुडघ्यांविषयी सविस्तर बोलणे झाले.

गावच्या मुख्य चौकाला फोर्तेब्राच्चो हे नाव आहे. आंद्रेआ फोर्तेब्राच्चो ऊर्फ ब्राच्चो दा मोंतोने (१३६८–१४२४) हा या गावचा इतिहासप्रसिद्ध पुरुष. त्याच्या काळी इटलीतील नगरराज्ये आपल्या लढाया आपण लढत नसत. ठरावीक मुदतीचा करार करून भाडोत्री सेनानायकाकडे ते काम सोपवीत. करारास इटालियन भाषेत कोंदोत्ता म्हणतात, म्हणून हे सेनानायक कोंदोत्तिएरे. पैसा थकला की ते पलीकडच्या पक्षाला मिळत, आणि त्यात कोणाला फारसे वावगेही वाटत नसे. ब्राच्चो हा या धंद्यातला पहिल्या प्रतीचा माणूस. पेरुजाने त्याच्या घराण्याला हद्दपार केले होते. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तलवार चालवून अखेर १४१६ मध्ये पेरुजाच जिंकून घेतले. त्याचा प्रतिस्पर्धी मुत्सियो आत्तेंदोलो, ज्याला स्फोर्त्सा म्हणत. दोघांच्या युद्धपद्धतींची दोन घराणी मानली गेली. गायकीत जशी आपण मानतो तशी. दोघांचा अंतही एकाच वर्षी झाला. १४२४ च्या जानेवारीत आपल्या बुडणाऱ्या सेवकाला वाचविण्यासाठी स्फोर्त्साने घोडा नदीत घातला आणि तो स्वतःच बुडाला. जूनमध्ये लाक्विला येथील लढाईत जखमी होऊन ब्राच्चो गेला. स्फोर्त्साचा मुलगा पुढे मिलानचा ड्यूक झाला. ब्राच्चोवर मात्र पोपचा रोष होता. धर्मबहिष्कृत म्हणून त्याचे शव पवित्र न केलेल्या भूमीत पुरले गेले, आणि काही वर्षांनी भाच्याने त्याच्या अस्थी पेरुजाला आणल्या. मोंतोने येथील त्याच्या घराण्याचा गडही पोप चौथा सिक्स्टस याच्या आज्ञेने १४७८ मध्ये पाडण्यात आला. टेकडीच्या एका अंगाला त्याचे अवशेष आहेत. पाडलेला किल्ला पाहण्याची आपल्याला सवय आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या किल्ल्यांची काय दशा केली ते आपण जाणतो. तथापि धर्मगुरूने पाडलेला किल्ला आम्ही प्रथमच पाहिला.

टेकडीच्या माथ्यावर संत फ्रान्सिसचे चौदाव्या शतकातील चर्च आहे. आता ते आणि त्याला लागून असलेला मठ मिळून गावचे संग्रहालय झाले आहे. त्याच्या एका भागात पूर्व आफ्रिकेतील वस्तूंचा संग्रहही आहे. उंब्रियातील टेकडीवर तो पाहून आश्चर्य वाटते, पण आमचे पाऊल तेथे फार वेळ ठरले नाही. आम्ही थांबलो ते बार्तोलोमेओ कापोराली या पेरुजाच्या चित्रकाराच्या कामापुढे. भिंतीवर त्याचे १४९१ सालचे पादुआच्या संत अँथनीचे भित्तिचित्र आहे. त्याहून मोलाचे म्हणजे १४८२ सालचे कापडावरील मोठे चित्र. यास गोनफालोने म्हणतात. गोनफालोने म्हणजे मिरवणुकीचे निशाण. गावात प्लेग आला की असे चित्र काठीला लावून रस्त्यारस्त्यांतून मिरवीत नेत आणि संकटमोचनी मातेची करुणा भाकीत. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. गेल्या शतकाच्या आरंभी बेळगाव, धारवाड, पुणे या पट्ट्यात प्लेगने घरेच्या घरे ओस पाडली, तेव्हा मरीआईचे गाडे वेशीबाहेर नेणारी माणसे आमच्या आजोबांनी पाहिली होती. सौ.नी चित्राला हात जोडले. पुतण्या किंचित संकोचला. आम्हांला त्यात संकोचण्यासारखे काही वाटले नाही.

ब्राच्चोचा मुलगा कार्लो हाही बापाच्याच धंद्यात शिरला आणि व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या चाकरीत राहिला. त्याच्या सेवेवर प्रसन्न होऊन व्हेनिसने १४७३ मध्ये त्याला येशू ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातील एक काटा दिला, आणि तो त्याने आपल्या गावाला आणून दिला. गुड फ्रायडेच्या दिवशी या काट्याला फुलोरा येतो, अशी जुनी श्रद्धा सांगतात. दरवर्षी ऑगस्टमध्ये या दानाचा उत्सव असतो. त्या वेळी तीन पेठा जुन्या वेषांत एकमेकींविरुद्ध उतरतात, धनुर्विद्येच्या स्पर्धा होतात, प्राचीन प्रसंगांचे देखावे उभे करतात आणि जिंकणाऱ्या पेठेचा मान होतो. एका काट्यापायी साडेपाचशे वर्षे गाव उभे राहते, आपापसांत भांडते आणि पुन्हा एकत्र जेवते. उत्सव याहून वेगळा काय असतो?

दुपारच्या जेवणाविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण आम्ही शाकाहारी. या भागात तोर्ता आल तेस्तो नावाची भाकर मिळते. तेस्तो म्हणजे भाजण्याची जाड, सपाट तबकडी, आपल्या खापरीची सख्खी बहीणच. त्यावर कणकेची जाड भाकर भाजायची, मधोमध फोडायची आणि आत परतलेली पालेभाजी व चीज भरायचे. येथील नेहमीचा पाव मात्र बिनमिठाचा असतो. तो पहिल्याच घासाला सौ.नी बाजूला सारला. भाकर त्यांना पसंत पडली. "थोडी जाड आहे, पण हात बसलेला आहे," हा त्यांचा अभिप्राय.

आता ज्यासाठी आलो त्याकडे वळतो.

बेळगावकडच्या वाचकांना मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राची ओळख करून देणे म्हणजे घरच्या माणसाची ओळख करून देणे होय. पहाटे धावणारी तुकडी आणि सुटीच्या दिवशी बाजारात हिंडणारे रंगरूट पाहतच आम्ही लहानाचे मोठे झालो. या पलटणीच्या दोन जवानांना दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी गोळीबारातून त्यांनी जखमी साथीदारांना पाठीवरून पाण्यापार नेले आणि नंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. ते जगले, घरी परतले. दुसरे नाईक यशवंत घाडगे. ते परतले नाहीत.

यशवंत घाडगे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले, पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. हीच पलटण १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाते. १९४४ च्या जूनमध्ये पेरुजा जर्मनांच्या हातून गेले आणि ते टायबरच्या खोऱ्यातून एकेक टेकडी लढवीत मागे हटू लागले. त्यांच्या मागावर दहावी भारतीय डिव्हिजन होती. मोंतोनेच्या परिसरातील टेकड्यांवर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मोठी झुंज झाली. १० जुलै रोजी घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला, आणि एकटे घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी होऊन पडला. त्यांनी क्षणभरही न थांबता मशीनगनवर धाव घेतली. हातबाँब टाकून तोफ आणि ती चालविणारा दोन्ही निकामी केले, आणखी एकाला गोळी घातली. काडतुसांची पेटी बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना ठार केले. आणि मग दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच कोसळले. वय बावीस. त्यांची समाधी नाही. त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर इतर बेपत्ता वीरांच्या नावांत कोरलेले आहे.

इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ जण मृत्यू पावले, आणि चाळीस दफनभूमींतून व स्मारकांतून त्यांची नावे विखुरली आहेत. एवढ्यांतून एकाची आठवण या चिमुकल्या गावाने आपल्याकडे ठेवली. २०२३ च्या जुलै महिन्यात मोंतोनेची नगरपालिका आणि इटलीतील काही सैनिकी इतिहासाचे अभ्यासक यांनी मिळून यशवंत घाडगे यांचे स्मारक येथे उभारले. ना पुतळा, ना तोफ. सूर्याच्या सावलीवर वेळ दाखविणारे छायायंत्र. त्यावर लॅटिन भाषेत, आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन आहे.

उज्जैनची वेधशाळा पाहिलेल्या वाचकांना शंकूची सावली आणि तास यांचे नाते ठाऊक असेल. पुतण्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "काका, हे तासाभराने मागे आहे." मास्तराला याहून मोठी मेजवानी कोणती! आम्ही त्याला सांगितले की उन्हाळ्यात येथले लोक घड्याळे एक तास पुढे सारतात, सूर्य काही सरकत नाही. शिवाय मध्य युरोपची वेळ १५ अंश रेखांशावरून मोजतात आणि मोंतोने त्याच्या पश्चिमेस पावणेतीन अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आणखी अकरा मिनिटे. बेळगावातही सूर्याचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अर्ध्या तासाने मागेच चालते. पोराने निमूटपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, "पण काका, ते लढले कोणासाठी? इंग्रजांसाठीच ना?"

हा प्रश्न आमच्या मनात घरून निघाल्यापासून होता. १९४४ च्या त्या जुलैत नेहरू, पटेल, आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. एकाच घरातला एक भाऊ भूमिगत आणि दुसरा पलटणीत, असे आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्या भावाचे नाव शाळेच्या पुस्तकांत आले. दुसऱ्याविषयी आपण जरा अवघडूनच बोलत आलो. पगारासाठी लढला, परक्याच्या झेंड्याखाली लढला, एवढे म्हणून त्याचे प्रकरण मिटविता येते. पण त्याच गावात चौकाला ज्याचे नाव आहे तो ब्राच्चो तर उघडउघड पैशासाठी लढला, आणि त्याच्या कराराच्या रकमा मोजीत सहाशे वर्षे कोणी बसले नाही. आम्ही पुतण्याला एवढेच म्हणालो की तुकडी आडवी झाल्यावर तो बावीस वर्षांचा मुलगा मशीनगनकडे धावला, त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे लंडनचा राजा असेल असे आम्हांस वाटत नाही. बाजूला पडलेली मुले असतील. पुतण्याचे यावर पूर्ण समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही.

सौ. मात्र वेगळाच हिशेब करीत होत्या. "बावीस म्हणजे आपल्या शाळेतून निघून पाच-सहा वर्षे झालेला मुलगा," त्या म्हणाल्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही घेण्यासाठी दरवर्षी भरतीला निघालेली मुले आमच्यापुढे उभी राहतात. छाती फुगवून, नव्याने केस कापून. २०२२ पासून त्यांना अग्निवीर म्हणतात. जन्मतारीख नीट पडताळून आम्ही सही करतो, शिक्का मारतो आणि "जपून रहा रे" म्हणतो. दाखल्यावरचे "सोडण्याचे कारण" हे घर भरताना पेन किंचित थांबते, हे मात्र कोणाला कळत नाही.

सौ.नी पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली. परक्या गावातल्या स्मारकावर ते वाहावे की नाही, याचा त्यांनी थोडा विचार केला. मग दगडाच्या पायथ्याशी, कोणाच्या सहज नजरेस येणार नाही असे बोट टेकविले. सावली तेवढ्या वेळात दोन बोटे सरकली होती.

परतताना तटावरून खोऱ्याकडे पाहिले. कोणत्या टेकडीवर ती मशीनगन होती ते आता डोळ्यांना ओळखू येत नाही. सगळ्या सारख्याच हिरव्या. एकीवर ट्रॅक्टर चालला होता. आपल्यापैकी कोणी पेरुजाला गेलेच, तर तेथून पाऊण तासात मोटारीने मोंतोनेला पोहोचता येते. छायायंत्र पाहावयाचे तर ऊन असताना जावे, आणि पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा वहाणा मऊ असाव्यात.